इंग्रजी पहिली ते पहिलीपासून इंग्रजी

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत शिक्षण सांगायची एक खास रीत होती. कोणी विचारले, 'तुमचे शिक्षण किती?' तर उत्तर यायचे, 'मराठी चौथी आणि इंग्रजी तिसरी.' उर्दू शाळेत शिकलेले 'उर्दू चार जमात, अंग्रेजी दो' असे सांगायचे. आजच्या मुलांना हा हिशेब कळत नाही. मूल आधी स्वतःच्या भाषेत चार इयत्ता पुरी करी आणि मग इंग्रजीच्या पहिल्या इयत्तेत जाई, असा त्याचा अर्थ. इंग्रजी पहिलीत बसलेला मुलगा दहा-अकरा वर्षांचा असे. आज आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तीन वर्षांचे मूल गळ्यात टाय बांधून 'कॉन्व्हेंट'ला जाते. विदर्भात कोणत्याही इंग्रजी बालवाडीला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग ती कोणा सेवानिवृत्त गुरुजींच्या वरच्या मजल्यावर भरत असली तरी! जिल्हा परिषदेच्या उर्दू आणि मराठी शाळांतही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजीचे पुस्तक आहे.

'इंग्रजी पहिली'पासून 'पहिलीपासून इंग्रजी'पर्यंतचा हा प्रवास सुमारे पावणेदोनशे वर्षांचा आहे. या काळात सरकारे बदलली, राज्ये बदलली, आयोग बसले, न्यायालयात खटले चालले. पण वादाचा प्रश्न तोच राहिला. इंग्रजी कोणत्या वयापासून शिकवावी? उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा प्रश्न रोज भेटतो. कधी तो दाखला काढून न्यायला आलेल्या बापाच्या रूपाने येतो, तर कधी आठवीतल्या त्या मुलाच्या रूपाने, जो सात वर्षे इंग्रजी शिकूनही एक वाक्य स्वतः लिहू शकत नाही. म्हणून या वादाचा इतिहास थोडा उलगडून पाहावा असे आम्हाला वाटले.

साखरखेर्ड्यापासून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत

भाषांच्या येण्याजाण्याचा इतिहास बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्डा येथे १७२४ साली निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये आसफजाही राजवटीचा पाया घातला गेला. त्या दरबाराची भाषा फारसी होती. गावगाड्याचा व्यवहार मराठीत चाले. लष्करात आणि कसब्यांत जी बोली बोलली जाई, तीच आज आपण घरात बोलतो ती दख्खनी वळणाची उर्दू. म्हणजे एकाच माणसाने दोन-तीन भाषा वापरणे ही या मातीतली जुनी गोष्ट आहे. मात्र तेव्हा कोणी कोणाला इयत्ता विचारीत नव्हते. भाषा बाजारात, छावणीत आणि शेजारात शिकली जाई.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६० च्या दशकात मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने रेल्वे आली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला आणि खामगावचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला. आगगाडीबरोबर तारऑफिस आले, जिनिंगचे कारखाने आले, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर इंग्रजीची गरज आली. फारसी जाणणाऱ्या मुन्शीची किंमत उतरली आणि इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाची चढली. सुरुवातीच्या काळात हायस्कूलचे शिक्षण घ्यायचे तर अकोला किंवा अमरावती गाठावी लागे. मेहकरच्या किंवा जळगाव जामोदच्या मुलाला ते किती दूर होते, याची कल्पना आजही करता येते. त्यामुळे इंग्रजी किती वयात सुरू होते यापेक्षा ती कोणाच्या दारापर्यंत येते, हाच खरा प्रश्न होता.

मुंबईच्या मंडळातला एक मुसलमान सदस्य

इंग्रजी आधी की मातृभाषा आधी, हा वाद मुंबई इलाख्यात वऱ्हाड इंग्रजांकडे येण्यापूर्वीच रंगला होता. १८३५ साली मेकॉलेचे टिपण आले आणि सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. पण मुंबईत एल्फिन्स्टनच्या काळापासून देशी भाषांतून शिकवण्याची परंपरा होती. १८४० साली तेथे बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. पुढे सर अर्स्किन पेरी हे त्याचे अध्यक्ष झाले. शिक्षण इंग्रजीतून द्यावे, थोड्यांना उत्तम शिकवावे, ते ज्ञान मग खाली झिरपेल, असा त्यांचा आग्रह होता. मंडळातील कर्नल जर्व्हिस यांनी याला विरोध केला. त्यांच्या बाजूने तीन हिंदी सदस्य उभे राहिले. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि मोहम्मद इब्राहिम मक्बा.

हे शेवटचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मुंबईच्या कोकणी मुसलमान समाजातील हे गृहस्थ भाषापंडित होते. कंपनीच्या साहेबांना हिंदुस्थानी शिकता यावी म्हणून त्यांनी व्याकरण रचले होते. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान, तिघेही मुंबईच्या भरभराटीच्या काळातले, तिघेही इंग्रजीचा उपयोग जाणणारे, आणि तरीही मुलाचे शिक्षण त्याच्या भाषेत व्हावे असे एकमुखाने म्हणणारे! ते इंग्रजीचे शत्रू नव्हते. ज्ञान लोकांपर्यंत न्यायचे तर ते लोकांच्या भाषेतून न्यावे लागेल, इतकाच त्यांचा मुद्दा होता. 'मुसलमान इंग्रजीच्या विरोधात होते म्हणून मागे राहिले' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की आपलाही त्यावर विश्वास बसतो. मक्बांचे उदाहरण सांगते की, निदान मुंबईत, इंग्रजी 'हवी की नको' एवढ्यावरच आपली माणसे थांबलेली नव्हती. 'कशी आणि कशाच्या पायावर' हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला होता.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने तडजोड केली. खालच्या इयत्तांत देशी भाषा, वरच्या शिक्षणात इंग्रजी. 'मराठी चौथी, इंग्रजी तिसरी' हा हिशेब या तडजोडीतून जन्मला. १८८२ च्या हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी आधी प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्या, अशी मागणी केली. त्याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणावर स्वतंत्र शिफारशी केल्या. समाजाची वेगळी इच्छा नसेल तेथे प्राथमिक आणि माध्यमिक पातळीवर हिंदुस्थानी हे माध्यम असावे, अशी त्यातली एक शिफारस होती. वऱ्हाडातल्या आपल्या उर्दू प्राथमिक शाळांना त्या काळच्या सरकारी भाषेत 'हिंदुस्थानी शाळा' म्हणत. आज जिल्हा परिषदेची उर्दू शाळा म्हणून आपण जिला ओळखतो, तिची मुळे इतकी जुनी आहेत.

सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे

देऊळगावराजाहून जालना फार दूर नाही. पण १९४८ पर्यंत मधे एक सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचे राज्य. पलीकडे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा फार मोठा प्रयोग होता. त्यासाठी हैदराबादेत दारुल तर्जुमा म्हणजे भाषांतर संस्था काढण्यात आली. विज्ञान, वैद्यक, इतिहास, कायदा यांची पुस्तके उर्दूत तयार झाली. पण एक गोष्ट आपण विसरतो. उस्मानियात माध्यम उर्दू होते, तरी इंग्रजी हा विषय सक्तीचा होता. विचार स्वतःच्या भाषेत करायचा आणि जगाशी बोलायला इंग्रजी कसून शिकायची, अशी ती रचना होती. हैदराबादचे विलीनीकरण झाले आणि उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. त्या प्रयोगाच्या मागे दरबाराची सत्ता होती आणि ती सत्ता लोकांची नव्हती, हेही खरे. शिवाय जालना, परभणीकडच्या मराठी मुलाला उर्दू हीच परकी भाषा होती, ही त्या प्रयोगाची मोठी उणीव होती. तरीही माध्यम एक आणि इंग्रजीचे शिक्षण दुसरे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, एवढे तरी त्या प्रयोगाने दाखवून दिले.

आज आपल्या समाजात नेमकी हीच गल्लत होते. 'इंग्रजी आली पाहिजे' याचा अर्थ आपण 'इंग्रजी माध्यम पाहिजे' असा लावतो, आणि 'इंग्रजी माध्यम' याचा अर्थ 'तिसऱ्या वर्षापासून' असा लावतो.

पाचवी, आठवी, पुन्हा पाचवी

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने इंग्रजी पाचवीऐवजी आठवीपासून सुरू करण्याचे धोरण घेतले. हेतू चांगला होता. मुलाच्या कोवळ्या वर्षांवर परक्या भाषेचा भार नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या. बुलढाणा जिल्हा तेव्हा त्या राज्यात नव्हता; आपण मध्यप्रदेशात होतो आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आलो.

या धोरणाचे पुढे काय झाले? सरकारी शाळेतले मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत इंग्रजी शिकत नव्हते. पण पैसेवाल्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पाचव्या वर्षापासून इंग्रजीतूनच शिकत होती. १९५४ साली मुंबई सरकारने हुकूम काढला की अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुले सोडून इतरांना इंग्रजी माध्यमाच्या शाळांत प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी न्यायालयाने तो हुकूम रद्द ठरवला. पालकाच्या निवडीवर असे बंधन घालता येत नाही, हे त्या दिवशी ठरून गेले. २०१४ साली कर्नाटकच्या खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले की सरकार मातृभाषेचे माध्यम सक्तीने लादू शकत नाही.

म्हणजे दोन वाटा तयार झाल्या. एक लवकरची, फी भरणाऱ्यांची. दुसरी उशिराची, बाकी सर्वांची. महाराष्ट्र राज्य झाल्यावर इंग्रजी पुन्हा पाचवीपासून आली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही हेच म्हटले. मातृभाषेवर पुरेशी पकड आल्यावर, साधारण पाचवीपासून इंग्रजी सुरू करावी. तिसरीपासून सुरू करण्याची जी लाट आली होती, ती आयोगाला मान्य नव्हती.

इतर राज्यांचा अनुभवही हाच आहे. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढली. गरिबाच्या मुलाचे ओझे कमी व्हावे हा हेतू होता; पण ज्यांना परवडत होते ते खाजगी शाळांकडे वळले आणि सरकारी शाळा गरिबांसाठीच उरल्या. शेवटी त्याच सरकारला १९९९ मध्ये तिसरीपासून आणि २००४ मध्ये पहिलीपासून इंग्रजी परत आणावी लागली. उशिरा सुरू करणे शास्त्राला धरून असेलही, पण ते सर्वांसाठी सारखे नसेल तर समाज ते स्वीकारीत नाही.

सन २००० चा निर्णय

या पार्श्वभूमीवर २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. मोठा गदारोळ झाला. मराठीच्या अनेक साहित्यिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला. बहुजन समाजातून मात्र स्वागत झाले. वाघिणीचे दूध पुण्या-मुंबईच्या मुलांनी प्यावे आणि संग्रामपूरच्या मुलाने नुसते ऐकावे, हे लोकांना मान्य नव्हते. आम्हालाही हा निर्णय न्यायाच्या बाजूचा वाटतो. जे श्रीमंताच्या मुलाला मिळते ते जिल्हा परिषदेच्या मुलालाही मिळावे, ही मागणी चूक कशी म्हणावी?

पण निर्णयाने एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे इयत्ता. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात ती शाळा तशीच राहिली. ज्यांनी स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकली आणि डी.एड. उर्दूतून किंवा मराठीतून केले, त्यांच्याच हाती हे काम आले. त्यांना थोड्या दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. पुस्तक आले, चित्रे आली, गाणी आली. मुले गाणी छान म्हणू लागली. पण गाणे म्हणणे आणि भाषा येणे यांत जे अंतर आहे ते चौथीनंतर दिसू लागले. आम्ही आठवीच्या वर्गात पाहतो की मुले इंग्रजी शब्दांखाली उर्दू हरफांत उच्चार लिहून घेतात आणि गाइडमधली उत्तरे पाठ करतात. ही मुले मंद नाहीत. गणितात हुशार आहेत, बाजारात मराठी फर्डे बोलतात, घरी उर्दू आणि वर्गमित्रांशी वऱ्हाडी. मग इंग्रजीच का अडते?

वयाबद्दल शास्त्र काय सांगते

'लहानपणी भाषा लवकर येते' हे वाक्य आता प्रत्येक पालकाच्या तोंडी आहे. त्याच्या मागे संशोधन आहे. १९५९ मध्ये मेंदूचे शल्यविशारद पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट्स यांनी लहान वयात मेंदू भाषेसाठी अधिक लवचिक असतो असे मांडले. १९६७ मध्ये लेनेबर्ग यांनी सांगितले की वयात येईपर्यंतचा काळ भाषेसाठी विशेष असतो. १९८९ मध्ये जॉन्सन आणि न्यूपोर्ट या संशोधकांनी अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या ४६ चिनी आणि कोरियन लोकांची परीक्षा घेतली. जे सात वर्षांच्या आत आले होते त्यांचे इंग्रजी व्याकरण तिथेच जन्मलेल्यांसारखे निघाले. जितके उशिरा आले तितके गुण कमी. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या उत्तरांवरून दाखवले की व्याकरण पकडण्याची शक्ती साधारण सतरा वर्षांपर्यंत टिकते. मात्र जन्मजात भाषिकासारखे यायचे तर दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात हवी.

हे सारे खरे. पण ही मुले कोठे राहत होती, हेही पाहा. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर इंग्रजी, दुकानात इंग्रजी, शेजारच्या मुलाबरोबर खेळतानाही इंग्रजी. आमच्या मोताळ्याच्या किंवा धाडच्या मुलाला शाळेत दिवसाकाठी अर्धा तास इंग्रजी मिळते असे धरू. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस शाळा. म्हणजे वर्षाला १०० तास. ज्याच्या भोवती दिवसाचे आठ तास इंग्रजी आहे, त्याला हे १०० तास तेरा दिवसांत मिळतात. तेरा दिवस आणि एक वर्ष! ज्या खिडकीतून उजेड येतो ती लहानपणी मोठी असते हे मान्य, पण बाहेर उजेडच नसेल तर खिडकी मोठी असून काय उपयोग?

म्हणून ज्या देशांत परकी भाषा फक्त वर्गात शिकवली गेली, तिथले अनुभव आपल्याला जास्त लागू पडतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६४ पासून दहा वर्षे आठ वर्षांच्या मुलांना फ्रेंच शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९७४ मध्ये क्लेअर बर्स्टल यांनी प्रसिद्ध केला. सोळाव्या वर्षी तपासले तेव्हा आठव्या वर्षी सुरू केलेली मुले अकराव्या वर्षी सुरू केलेल्यांपेक्षा फक्त ऐकून समजण्यात थोडी पुढे होती. बाकी फरक उरला नव्हता. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे कार्मेन मुन्योस यांनी आठव्या आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. दोघांना सारखेच तास मिळाले तेव्हा मोठ्या वयाची मुले पुढे निघाली. कारण साधे आहे. मोठ्या मुलाला वाचता-लिहिता येते, नियम कळतो, तुलना करता येते. लहान मूल ऐकून ऐकून शिकते, आणि त्याला ऐकायला फार मोठा साठा लागतो.

१९७९ मध्ये कॅनडातील जिम कमिन्स यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. गप्पांची भाषा वेगळी आणि पुस्तकाची भाषा वेगळी. पुस्तकाची भाषा मुलाने एकदा आपल्या भाषेत कमावली की ती दुसऱ्या भाषेत त्याच्याबरोबर जाते. ज्याला उर्दूत उतारा वाचून त्याचे सार सांगता येते, त्याला इंग्रजीत ते कौशल्य नव्याने शिकावे लागत नाही. फक्त शब्द शिकावे लागतात. ज्याला उर्दूतही येत नाही, त्याला इंग्रजीत दोन्ही शिकावे लागते.

तीन लिप्या, एक पाटी

उर्दू शाळेतल्या मुलाची गोष्ट येथे वेगळी होते, आणि ती महाराष्ट्रात फारशी कोणी लक्षात घेत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा राज्यभर वादळ उठले. सहा वर्षांच्या मुलाला तीन भाषा कशा पेलतील, असा प्रश्न सर्वांनी विचारला. २९ जून २०२५ रोजी सरकारने ते निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तो प्रश्न रास्तच होता. पण आपल्या उर्दू शाळांतील पहिलीचे मूल तेव्हाही उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा शिकत होते! त्याचे ओझे कोणाच्या भाषणात आले नाही.

आणि नुसत्या तीन भाषा नव्हेत, तीन लिप्याही. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तिचे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मधे दुसरे, शेवटी तिसरे. आणि जेर-जबर बहुधा लिहिलेच जात नाहीत, वाचणाऱ्याने ओळखायचे. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, डोक्यावर रेघ घेते, काना-मात्रा स्पष्ट देते. रोमन लिपीत अक्षर एक आणि उच्चार अनेक. सहा वर्षांच्या मुलाच्या एकाच पाटीवर हे तिन्ही रस्ते एकाच जूनमध्ये सुरू होतात. त्यात सकाळी किंवा संध्याकाळी मकतबमध्ये अरबी कायदा असतोच. तेथे मूल अर्थ न समजता अक्षर ओळखून वाचायला शिकते आणि तीच सवय इंग्रजीच्या पुस्तकाकडेही घेऊन येते.

याचा अर्थ आपले मूल कमी पडते असा नव्हे. उलट त्याच्याजवळ काही ठेवा आहे. उर्दूतले ज़े आणि फ़े नीट शिकलेल्या मुलाला इंग्रजीतले ते आवाज वेगळे शिकवावे लागत नाहीत. स्कूलला 'इस्कूल' आणि स्टेशनला 'इस्टेशन' म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. लहान वयात कानावर योग्य उच्चार पडले तर तीही सुटते, कारण उच्चारात लहान वयाचा फायदा खरोखर असतो. पण हा फायदा तोंडी शिकण्याचा आहे. पहिलीपासून इंग्रजी ऐकवा, बोलवून घ्या, गाणी म्हणू द्या, हे योग्यच. वाचन-लेखनाची घाई मात्र मूल उर्दूत सरळ वाचू लागेपर्यंत थांबू शकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही दोन ते आठ या वयात मुले भाषा लवकर उचलतात असे म्हटले आहे आणि त्याच धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावे असेही सांगितले आहे. आपण पहिले वाक्य लक्षात ठेवतो, दुसरे विसरतो.

आता कॉन्व्हेंटकडे वळलेल्या पालकांविषयी. त्यांना दोष देणे सोपे आहे, आम्ही तो देत नाही. हमाली करणारा, फळगाडी लावणारा, गॅरेजमध्ये काम करणारा बाप पोट मारून फी भरतो, तेव्हा त्याला आपल्या मुलाने कोणासमोर मान खाली घालू नये एवढेच हवे असते. पण गल्लीतल्या अनेक कॉन्व्हेंटांमधून काय घडते? शिक्षिकेला स्वतःला इंग्रजी बोलता येत नाही, घरात कोणाला येत नाही, मूल धडे पाठ करते. तिसरी-चौथीत फी झेपेनाशी झाली की ते उर्दू शाळेत परत येते. तेव्हा त्याला अलिफ-बे येत नाही आणि इंग्रजीही आलेली नसते. एका बाजूला उर्दू शाळेची पटसंख्या घटते, शिक्षकाचे समायोजन दुसऱ्या तालुक्यात होते. दुसऱ्या बाजूला मूल कोणत्याच भाषेत पुस्तक वाचू शकत नाही. लवकर सुरू करण्याच्या शर्यतीत हरलेली ही मुले कोणत्याही अहवालात वेगळी मोजली जात नाहीत. मुलींच्या बाबतीत तर अनेकदा घरात एकाचीच फी भरायची ठरते, आणि तो मुलगाच असतो.

मग करावे काय?

वाचकहो, इतिहासाने आपल्याला दोन धडे दिले आहेत असे आम्हाला वाटते. पहिला धडा खेरांच्या काळाचा आणि बंगालचा. गरिबाच्या मुलासाठी इंग्रजी उशिरा आणि श्रीमंताच्या मुलासाठी लवकर, असा दुजाभाव लोक खपवून घेत नाहीत आणि घेऊही नये. म्हणून पहिलीपासूनची इंग्रजी काढून टाका असे म्हणण्यात अर्थ नाही. दुसरा धडा सन २००० नंतरचा. नुसती इयत्ता खाली आणून इंग्रजी येत नाही. तास, शिक्षक आणि मातृभाषेचा पाया, या तिन्हीपैकी एकही नसेल तर पहिलीत सुरू केलेले आणि पाचवीत सुरू केलेले मूल आठवीत एकाच बाकावर येऊन बसते.

म्हणून आपल्या मागण्या बदलल्या पाहिजेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाताना 'आमच्या गावी इंग्रजी माध्यम द्या' यापेक्षा 'आमच्या उर्दू शाळेत इंग्रजी नीट बोलणारा एक शिक्षक द्या' असे म्हटले पाहिजे. उर्दू शाळांतली रिकामी पदे भरा, असा आग्रह धरला पाहिजे. पाचवी ते आठवी ही वर्षे, ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते, ती इंग्रजीसाठी खरी कमाईची वर्षे आहेत. तेव्हा मूल वाचू शकते, समजू शकते आणि त्याचे शिकण्याचे वयही गेलेले नसते. त्या वर्गांत तास वाढवा, गोष्टींची सोपी पुस्तके द्या. सेमी-इंग्रजी सुरू करायची तर शिकवणारा आहे का हे आधी पाहा. आणि घरी? घरी मुलाशी मोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा चांगल्या उर्दूत किंवा मराठीत गोष्ट सांगा, वर्तमानपत्र वाचायला लावा, प्रश्न विचारू द्या. जी आई शिकलेली नाही तीही हे करू शकते. त्या गोष्टीतून मूल जे समजून घ्यायला शिकते, ते पुढे त्याला इंग्रजीतही कामाला येते.

आमच्या आठवीत दरवर्षी अशी दोन-चार मुले-मुली असतात, ज्यांनी कॉन्व्हेंट पाहिलेले नसते; पण ती उर्दूत भराभर वाचतात, मराठी वर्तमानपत्र चाळतात आणि दोन वर्षांत इंग्रजीत निबंध लिहू लागतात. 'मराठी चौथी, इंग्रजी तिसरी' म्हणणारी पिढी काही चुकीच्या जागी उभी नव्हती. तिला चौथीनंतरची शाळा आपल्या गावात मिळाली नाही, हे तिचे दुर्दैव होते. आज शाळा गावोगावी आहेत. त्या शाळांत मुलाला त्याची भाषा पक्की मिळाली आणि इंग्रजी शिकवणारा खरा शिक्षक मिळाला, तर सहाव्या वर्षी सुरू केली की दहाव्या, याची चिंता पालकांना करावी लागणार नाही. मोहम्मद इब्राहिम मक्बांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या मंडळात ज्या बाजूने हात वर केला होता, ती बाजू इंग्रजीविरुद्धची नव्हती. ती मुलाची बाजू होती. आपणही त्याच बाजूला उभे राहावे, एवढीच आमची विनंती.